‘पहिला प्रेषक’ शोधण्याचा नियम मागे घ्यावा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

समाजमाध्यमांवरील अफवांविषयी आपल्या दैनिकात अलीकडे जे लेख आणि जी वाचकपत्रे प्रसिद्ध झाली, त्यांतील बहुतेकांचा सूर एकच होता: व्हॉट्सअ‍ॅपसारख्या कंपन्यांनी एन्क्रिप्शनच्या, म्हणजे कूटलेखनाच्या आड लपू नये, सरकारने विचारले की संदेश मुळात कोणी पाठवला हे सांगावे, आणि ज्याने काही गैर केलेले नाही त्याने याची धास्ती घेऊ नये. ही मागणी ज्या दुःखातून निघाली आहे ते दुःख खरे आहे, पण मागणी चुकीची आहे असे माझे मत आहे. ते का, हे तपशिलात जाऊन सांगितल्याशिवाय पटणारे नाही, म्हणून पत्र थोडे लांबले आहे. माझी नोकरी महाविद्यालयात गणित शिकवण्यात गेली. कूटलेखनाचा पाया गणितात असल्यामुळे या वादाकडे मी अनेक वर्षे लक्ष ठेवून आहे, एवढाच माझा अधिकार.

दुःख कोणते, तेही आधी सांगायला हवे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात राईनपाडा येथे, भर आठवडी बाजाराच्या दिवशी, मुले पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार मारले. नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजाची, भिक्षा मागत गावोगाव फिरणारी ही माणसे, बहुतेक मंगळवेढा तालुक्यातली. अशा हत्या त्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात देशात इतरत्रही झाल्या, आणि अफवांचे वाहन व्हॉट्सअ‍ॅप हेच होते. त्याच महिन्यात केंद्रीय माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने कंपनीला संदेशांचा माग काढण्याची सोय करण्यास सांगितले, आणि पुढे २५ फेब्रुवारी २०२१ रोजी अधिसूचित झालेल्या माहिती तंत्रज्ञान नियमांत ही सोय नियम ४(२) म्हणून सक्तीची झाली. व्हॉट्सअ‍ॅपने मे २०२१ मध्ये या नियमाला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले. एप्रिल २०२४ मध्ये कंपनीच्या वकिलांनी खंडपीठासमोर सांगितले की एन्क्रिप्शन मोडायला लावले तर व्हॉट्सअ‍ॅपला देश सोडून जावे लागेल. या एका वाक्याची तेव्हा पुष्कळ बातमी झाली, नियमात नेमके काय आहे याची मात्र फारशी झाली नाही.

नियमाची भाषा वरवर वाचली तर संयमी वाटते. ज्या संदेश-सेवेचे नोंदणीकृत वापरकर्ते ५० लाखांहून अधिक आहेत, तिने न्यायालयाचा किंवा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ खालील आदेश आल्यास त्या संदेशाच्या पहिल्या प्रेषकाची ओळख पटवून देता येईल अशी व्यवस्था ठेवावी. असा आदेश देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था, बलात्कार, बालकांचे लैंगिक शोषण अशा, किमान पाच वर्षे कैदेच्या गुन्ह्यांपुरताच काढावा. कमी हस्तक्षेपाचा दुसरा उपाय असेल तर तो काढूच नये. आणि संदेशातील मजकूर उघड करण्याची सक्ती नाही. एवढे वाचल्यावर भल्या माणसालाही वाटते की यात वावगे ते काय. त्याच नियमात पुढे मात्र असे म्हटले आहे की पहिला प्रेषक भारताबाहेरचा असेल, तर भारतात ज्याने तो संदेश प्रथम पाठवला त्यालाच पहिला प्रेषक मानावे. २०१८ मध्ये देशभर फिरलेली, मोटारसायकलवरून येऊन लहान मुलाला उचलून नेणाऱ्यांची चित्रफीत कराचीत तयार झाली होती आणि ती होती मुलांच्या सुरक्षिततेविषयी जनजागृती करणारी. तिचा शेवटचा, मूल परत आणून सोडण्याचा आणि संदेश दाखवण्याचा भाग कोणीतरी कापला आणि उरलेला तुकडा खरी घटना म्हणून फिरू लागला. हा नियम तेव्हा असता तर कोण सापडले असते? चित्रफीत करणारे नाहीत, ती कापणाराही कदाचित नाही. परदेशातल्या कोणाकडून आलेली फीत घाबरून ‘नातवंडांना जपा’ म्हणत गटावर टाकणारी एखादी आजी मात्र कायद्याच्या दृष्टीने पहिली प्रेषक ठरली असती.

आता ‘मजकूर उघड करायचा नाही, फक्त नाव सांगायचे’ या वाक्याकडे वळते, कारण सारी गफलत तिथे आहे, आणि ती समजण्यासाठी कूटलेखन कसे चालते हे थोडे पाहावे लागेल. १९७६ पर्यंत गुप्त संदेशासाठी दोन्ही बाजूंकडे एकच गुप्त किल्ली, म्हणजे संदेश कुलूपबंद करणारी आणि उघडणारी संख्या, आधीपासून असावी लागे. त्यामुळे ही विद्या सैन्ये, वकिलाती आणि मोठ्या पेढ्या यांच्यापुरतीच राहिली. त्या वर्षी डिफी आणि हेलमन या दोघांनी आपले संशोधन प्रसिद्ध केले, आणि एकमेकांना कधीही न भेटलेली माणसे सर्वांच्या देखत बोलूनही गुप्त किल्ली ठरवू शकतात हे दाखवून दिले. पुढच्याच वर्षी रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी मूळ संख्यांवर आधारलेली पद्धत मांडली. दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार करणे सोपे, पण नुसता गुणाकार हाती देऊन त्याचे अवयव पाडा म्हटले तर ते अतोनात अवघड, हे त्या पद्धतीचे मर्म. २०२० मध्ये संशोधकांनी अशा एका २५० अंकी संख्येचे अवयव पाडले, त्याला संगणकाच्या एका प्रोसेसर-गाभ्याच्या हिशेबाने सुमारे २७०० वर्षांचे काम लागले. आणि प्रत्यक्ष वापरात असलेल्या संख्या ६०० हून अधिक अंकी असतात. मूळ संख्यांचा पुढे उपयोग काय, असे वर्गात दरवर्षी कोणीतरी विचारत असे. बँकेचे संकेतस्थळ उघडताना दिसणारे कुलूप अशाच गणितावर उभे आहे.

व्हॉट्सअ‍ॅपने एप्रिल २०१६ मध्ये सर्व संभाषणांना जे एंड-टू-एंड एन्क्रिप्शन लावले, ते एलिप्टिक कर्व्ह या विशिष्ट वक्रांच्या गणितावर चालते, पण तत्त्व जवळचेच आहे. किल्ली वापरणाऱ्याच्या फोनमध्ये तयार होते आणि तिचा गुप्त भाग फोनबाहेर जात नाही. प्रत्येक संदेशासाठी नवी किल्ली बनते आणि वापरून झाली की नष्ट होते. कंपनीच्या सर्व्हरवरून जाते ते कोणालाही न वाचता येणारे अंकांचे भेंडोळे. तोच विनोद दोन मैत्रिणींना पाठवला तरी सर्व्हरला ते दोन निरनिराळे, परस्परांशी संबंध नसलेले आकडे दिसतात. अशा व्यवस्थेत ‘हा संदेश पहिल्यांदा कोणी पाठवला’ या प्रश्नाचे उत्तर कंपनी लपवत नाही. ते उत्तर तिथे अस्तित्वातच नसते. ते अस्तित्वात आणायचे तर प्रत्येक संदेशाला, म्हणजे तुमच्या-माझ्या, डॉक्टर-रुग्णाच्या, सासरी गेलेल्या मुलीच्या आईशी होणाऱ्या प्रत्येक संदेशाला, निघतानाच एक ओळखचिठ्ठी डकवावी लागेल किंवा त्याचा ठसा कुठेतरी जपून ठेवावा लागेल, कारण उद्या पोलिसांना नेमका कोणता संदेश हवा असेल हे आज कोणालाच ठाऊक नसते. एका गुन्हेगारासाठी म्हणून सुरू केलेली नोंदवही सगळ्या देशाची भरावी लागते.

हे कसे करता येईल याविषयी आपल्याच दोन आयआयटींमध्ये मतभेद झाले, आणि ते वाचण्यासारखे आहेत. समाजमाध्यमांची खाती आधारशी जोडावीत या मागणीपासून सुरू झालेल्या, मद्रास उच्च न्यायालयातील एका प्रकरणात २०१९ मध्ये आयआयटी मद्रासचे प्रा. कामकोटी यांनी सुचवले की मूळ प्रेषकाची माहिती संदेशासोबतच जोडून पाठवावी. त्याला आपल्या पवईच्या आयआयटीतील प्रा. मनोज प्रभाकरन यांनी लेखी उत्तर दिले की अशा उपायाने खासगीपणा जाईल आणि गुन्हेगार तरीही हाती लागणार नाही, कारण ज्याला फसवायचेच आहे तो अ‍ॅपमध्ये फेरफार करून दुसऱ्याचे नाव चिकटवू शकतो. पुढे सरकारकडून संदेशाचा ‘हॅश’, म्हणजे मजकुरावरून गणिताने काढलेला ठसा, साठवण्याची कल्पना पुढे आली. हॅशचा गुणधर्मच असा की मजकुरात एक स्वल्पविराम बदलला तरी ठसा संपूर्ण बदलतो. मग फॉरवर्ड न करता मजकूर कॉपी करून एक टिंब वाढवणारा, किंवा स्क्रीनशॉट काढून पाठवणारा, प्रत्येक जण नवा ‘पहिला प्रेषक’. अट्टल माणूस यातून दोन मिनिटांत सुटतो आणि साध्या माणसाचे नाव नोंदीत राहते. म्हणजे ज्याच्या नावाने हा नियम केला, त्याच्याखेरीज बाकी सर्वांवर तो चालतो.

राईनपाड्याच्या खटल्यात धुळ्याच्या न्यायालयाने २०२४ मध्ये सात जणांना जन्मठेप दिली. आरोपींची ओळख पटवण्यासाठी पोलिसांना व्हॉट्सअ‍ॅपची किल्ली लागली नाही. मारहाणीच्या चित्रफिती जमावातल्याच लोकांच्या मोबाइलवर होत्या. अफवेच्या प्रसारावर जो काही आळा बसला तो एन्क्रिप्शनला हात न लावता बसला: जुलै २०१८ मध्ये भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आली, आणि एप्रिल २०२० मध्ये वारंवार पुढे गेलेले संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येऊ लागले. शिवाय ज्या गटावर विष फिरते त्या गटात पन्नास-शंभर माणसे असतात. त्यांच्यापैकी एकाने जरी फोन पोलिसांपुढे ठेवला, तरी कोणी काय टाकले हे सरळ वाचता येते आणि तेथून मागे मागे जाता येते. या कामाला माणसे लागतात, वेळ लागतो, तालुक्याच्या ठाण्यात सायबर तपास जाणणारा एखादा तरी हवालदार लागतो. तो नेमण्यापेक्षा सगळ्या देशाच्या पत्रव्यवहारावर चिठ्ठी डकवणे सरकारला सोपे वाटते, याचे मला नवल वाटते.

सरकारसाठी एक वेगळी वाट ठेवायला काय हरकत आहे, असेही विचारले जाते. तंत्रज्ञ ज्याला चोरदरवाजा म्हणतात, त्याचा इतिहास उत्साहवर्धक नाही. अमेरिकी सरकारने एप्रिल १९९३ मध्ये ‘क्लिपर चिप’ नावाची योजना आणली. दूरध्वनीत बसणाऱ्या या चिपच्या किल्लीचे दोन भाग दोन सरकारी संस्थांकडे राहणार होते. पुढच्या वर्षी मॅट ब्लेझ या संशोधकाने दाखवून दिले की पाळतीसाठी ठेवलेल्या भागाची तपासणी अवघ्या १६ बिटांची, म्हणजे फारच आखूड असल्याने ती चुकवता येते. योजना काही वर्षांतच बारगळली. ग्रीसमध्ये २००४-०५ या काळात व्होडाफोनच्या जाळ्यातील कायदेशीर टॅपिंगची सोयच कोणीतरी गुपचूप चालू केली आणि खुद्द पंतप्रधान कारामानलिस यांच्यासह शंभराहून अधिक जणांचे फोन महिनोन्‌महिने ऐकले गेले. सर्वांत बोलके उदाहरण २०२४ चे आहे. अमेरिकेच्या १९९४ च्या कायद्याप्रमाणे तिथल्या दूरसंचार कंपन्यांनी तपास यंत्रणांसाठी टॅपिंगची व्यवस्था बसवलेली असते. चीनशी संबंधित, ‘सॉल्ट टायफून’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या हॅकरांनी या कंपन्यांत शिरून न्यायालयीन आदेशांखालील टॅपिंगशी निगडित माहितीही नेली. त्यानंतर डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्याच सायबर सुरक्षा संस्थेने लक्ष्य होण्याची शक्यता असलेल्या उच्चपदस्थांना एंड-टू-एंड एन्क्रिप्शन असलेलीच संदेश-सेवा वापरण्याचा सल्ला दिला. ज्या देशाच्या पोलिसांनी तीस वर्षे एन्क्रिप्शनच्या नावाने बोटे मोडली, त्याच देशाने हा सल्ला द्यावा यावरून काय समजायचे ते समजावे.

इथवर मी तंत्रापुरते बोलले. परंतु समजा, उद्या कोणी असा चोरदरवाजा बनवलाच की जो केवळ अधिकृत माणसालाच उघडेल, तरी माझा आक्षेप संपत नाही. कारण आपल्याकडे तो अधिकृत माणूस कोण, आणि त्याच्यावर नजर कोणाची, या प्रश्नाचे उत्तर समाधानकारक नाही. फोन टॅपिंगचा कायदा मूळ १८८५ चा, म्हणजे इंग्रजांच्या गरजेपोटी झालेला. त्याच्या गैरवापराविरुद्ध पीयूसीएल या संघटनेने केलेल्या याचिकेवर डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: टॅपिंगने खासगीपणाच्या हक्काचा भंग होतो, म्हणून आदेश गृहसचिवांनीच द्यावा, दोन महिन्यांनी तो तपासावा, सहा महिन्यांपलीकडे चालवू नये, आणि आदेशांची छाननी पुनर्विलोकन समितीने करावी. आधी न्यायाधीशाची परवानगी हवी, ही मागणी मात्र न्यायालयाने मान्य केली नाही. त्यामुळे आदेश देणारा सचिव आणि त्याची छाननी करणारेही सचिवच, अशी व्यवस्था रूढ झाली. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने जुना कायदा हटवला, डिसेंबर २०२४ मध्ये नवे नियम आले, तरी केंद्रातील समितीचे अध्यक्ष मंत्रिमंडळ सचिव आणि राज्यातील समितीचे अध्यक्ष मुख्य सचिवच राहिले. न्यायाधीश कुठेही नाही, विरोधी पक्षाचा प्रतिनिधी नाही, आणि ज्याचा फोन ऐकला त्याला नंतरही कधी कळवायचे नाही.

ही छाननी कशी होते याचा अंदाज माझ्या कल्पनेतून सांगत नाही. मुंबई उच्च न्यायालयात न्यायाधीश राहिलेले आणि १९९२-९३ च्या दंगलींच्या चौकशीमुळे महाराष्ट्राला चांगले ठाऊक असलेले न्या. बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारला विदासंरक्षणाविषयी, म्हणजे नागरिकांच्या डेटाच्या संरक्षणाविषयी, अहवाल दिला. माहिती अधिकारातून मिळालेल्या आकड्यांचा आधार देऊन त्यात नमूद आहे की एकट्या केंद्र सरकारकडून दरमहा सुमारे ७५०० ते ९००० टॅपिंग आदेश निघतात, आणि दोन महिन्यांतून एकदा बसणाऱ्या समितीपुढे प्रत्येक बैठकीत १५ ते १८ हजार आदेश येतात. मंत्रिमंडळ सचिवांनी बैठकीच्या दिवशी आठ तास अन्य कोणतेही काम न करता हेच केले, तरी एका आदेशाच्या वाट्याला दोन सेकंदसुद्धा येत नाहीत. याला छाननी म्हणायचे की शिक्का मारणे, हे वाचकांनीच ठरवावे.

छाननी बाहेरच्या नजरेने झाली की काय दिसते, याचेही उदाहरण आपल्याच उच्च न्यायालयाने दिले आहे. एका सरकारी बँकेच्या अधिकाऱ्याला लाच दिल्याच्या आरोपात केंद्रीय गृहखात्याने एका व्यावसायिकाचा फोन टॅप करण्याचे तीन आदेश काढले होते. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते तिन्ही रद्द केले: सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता ही कायद्यातील अट येथे पूर्ण होत नाही, आणि बेकायदा मिळवलेली ध्वनिमुद्रणे नष्ट करावीत. हे आदेश निकालाच्या सुमारे दहा वर्षे आधीचे होते. फौजदारी खटला उभा राहिला म्हणून त्या माणसाला ते कळले; ज्यांच्यावर खटला होत नाही त्यांना ते कधीच कळत नाहीत. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ मध्ये तर सार्वजनिक आणीबाणीची अटही नाही. कोणत्याही गुन्ह्याच्या तपासासाठी आदेश काढता येतो, आणि मजकूर उलगडून देण्यास मदत न करणाऱ्यास सात वर्षांपर्यंत कैद आहे. ‘पहिल्या प्रेषका’चा नियम न्यायालयाला वगळून याच कलमाच्या आधारे वापरता येतो. नियमातल्या पोटअटी पाळल्या की नाही, हे आधी पाहायला या वाटेवर न्यायाधीश नसतो.

सरकारवर असा अविश्वास दाखवणे देशहिताचे नाही, असेही एका पत्रलेखकाने सुचवले होते. हा अविश्वास नवा नाही आणि तो कोण्या एका पक्षाविरुद्ध नाही. १९८६ मध्ये राजीव गांधी सरकारने टपाल कायद्यात दुरुस्ती करून पत्रे उघडण्याचे अधिकार वाढवणारे विधेयक संसदेत मंजूर करून घेतले, तेव्हा राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्यावर सहीच केली नाही आणि ते कधीही कायदा झाले नाही. १९८८ मध्ये फोन टॅपिंगच्या आरोपावरून कर्नाटकचे मुख्यमंत्री रामकृष्ण हेगडे यांना पद सोडावे लागले. फोनमध्ये शिरून हेरगिरी करणाऱ्या पेगॅसस या सॉफ्टवेअरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये समिती नेमली, तपासलेल्या २९ फोनांपैकी ५ फोनांत कसलेतरी घातक सॉफ्टवेअर सापडले, ते पेगॅससच होते असे निश्चित म्हणता आले नाही, आणि केंद्र सरकारने समितीला सहकार्य केले नाही हे ऑगस्ट २०२२ मध्ये सरन्यायाधीशांनी भर न्यायालयात सांगितले. ज्या सत्तेला नागरिकाच्या प्रत्येक संदेशाची ओळखचिठ्ठी हवी आहे, तिला स्वतःने कोणते सॉफ्टवेअर विकत घेतले एवढे सांगणेही जड जाते. २०२३ च्या विदासंरक्षण कायद्यातही केंद्र अधिसूचनेद्वारे आपल्या यंत्रणांना कायद्यातून सूट देऊ शकते. २०१९ च्या विधेयकातील अशाच सवलतींवर न्या. श्रीकृष्ण यांनी जाहीर टीका केली होती. अविश्वासाला जागा नसावी अशी इच्छा असेल तर ती जागा भरून काढणे सरकारच्या हाती आहे.

‘लपवण्यासारखे काही नाही तर भीती कशाची’ या प्रश्नाला आपल्याकडच्या जनावरांच्या बाजारात फार पूर्वी उत्तर मिळाले आहे. तिथे बैलजोडीचा सौदा होताना दलाल आणि गिऱ्हाईक रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव ठरवतात. चार माणसे भोवती उभी असतात, सौदा सचोटीचा असतो, तरीही आकडा दोघांतच राहतो, आणि त्यांना कोणी चोर म्हणत नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, त्या निकालात आणीबाणीतील जबलपूर प्रकरणाचा, स्थानबद्धतेविरुद्ध न्यायालयात दाद मागता येणार नाही असे सांगणारा निकाल चुकीचा होता हेही स्पष्ट केले गेले. तो जुना निकाल देणाऱ्यांत पुण्याचे न्या. य. वि. चंद्रचूड होते आणि तो चुकीचा म्हणणाऱ्यांत त्यांचे चिरंजीव. खासगीपणाला मर्यादा घालता येतात, पण त्यासाठी कायदा हवा, उद्देश रास्त हवा आणि उपाय त्या उद्देशाच्या प्रमाणात हवा, अशी कसोटी न्यायालयाने घालून दिली आहे. शंभरांतल्या एखाद्यासाठी शंभरांचीही नोंद ठेवणारा नियम तिसऱ्या कसोटीवर कसा उतरणार, हे मला समजत नाही. युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये रशियाविरुद्धच्या टेलिग्रामसंबंधी प्रकरणात हेच म्हटले: सर्वांचेच एन्क्रिप्शन दुबळे करायला लावणारी सक्ती लोकशाही समाजात आवश्यक ठरत नाही.

माझे हे म्हणणे व्हॉट्सअ‍ॅपची वकिली समजू नये. संदेशातील मजकूर त्या कंपनीला दिसत नसला तरी कोण कोणाशी, केव्हा, किती वेळा बोलतो याची माहिती तिच्या हाताशी असते आणि तिचा धंदा माहितीवरच चालतो. २०२१ च्या गोपनीयता धोरणावरून भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये तिच्या मालक कंपनीला २१३ कोटी रुपयांचा दंड केला, तो मला योग्यच वाटतो. पण कंपनी स्वार्थी आहे म्हणून कुलूप वाईट ठरत नाही. ते कुलूप सिग्नलसारख्या ना-नफा सेवेतही आहे आणि त्याचे गणित कोणालाही वाचता येते.

अशा बाबतीत सरकारे माघार घेतात, हा अनुभव आहे. एके काळी आपल्याकडे इंटरनेट कंपन्यांच्या परवान्यात विनापरवानगी ४० बिटांपेक्षा मोठ्या किल्लीला मनाई होती (बिट जितके अधिक तितकी किल्ली फोडणे अवघड) आणि त्याच काळात, २००१ मध्ये, रिझर्व्ह बँक इंटरनेट बँकिंगसाठी किमान १२८ बिटांची किल्ली वापरा म्हणत होती. कोणता आदेश पाळायचा याचा खुलासा बँकांना कोणी केला असेल असे वाटत नाही. सप्टेंबर २०१५ मध्ये राष्ट्रीय एन्क्रिप्शन धोरणाचा मसुदा आला, त्यात नागरिकांनी आपले संदेश साध्या, वाचता येणाऱ्या रूपात ९० दिवस जपून ठेवावेत असे कलम होते. देशभर हसे आणि संताप झाल्यावर काही दिवसांतच तो मागे घेतला गेला. डिसेंबर २०२५ मध्ये प्रत्येक नव्या फोनमध्ये ‘संचार साथी’ हे सरकारी अ‍ॅप आधीच घालण्याची सक्तीही लोकांनी आक्षेप घेतल्यावर दोन-तीन दिवसांत सुटली.

म्हणून नियम ४(२) न्यायालयाच्या निकालाची वाट न पाहता केंद्राने स्वतःहून मागे घ्यावा, अशी माझी विनंती आहे. त्यासोबत फोन आणि संदेश यांवरील पाळतीचा कोणताही आदेश, तातडीचे प्रसंग वगळता, न्यायाधीशाच्या पूर्वपरवानगीशिवाय निघणार नाही आणि तातडीचा आदेशही काही दिवसांत न्यायाधीशापुढे जाईल, अशी दुरुस्ती दूरसंचार कायद्यात आणि कलम ६९ मध्ये व्हावी; किती आदेश निघाले, किती नाकारले गेले, याचे आकडे दरवर्षी संसदेपुढे आणि राज्याचे आकडे विधिमंडळापुढे ठेवावेत; आणि तपास संपल्यावर, खटला होवो वा न होवो, संबंधित व्यक्तीला कळवण्याची तरतूद असावी. राज्याच्या अखत्यारीतील भाग तर दिल्लीकडे न पाहताही करता येईल. महाराष्ट्राच्या गृहखात्याने गेल्या पाच वर्षांत किती आदेश काढले आणि मुख्य सचिवांच्या समितीने त्यांपैकी किती रद्द केले, एवढा प्रश्न येत्या अधिवेशनात एखाद्या आमदाराने विचारावा आणि आपल्या दैनिकाने त्याचे उत्तर छापावे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त गणित प्राध्यापिका, सांगली